सॅटेलाइट बॅकहॉलवरच्या मोबाइल साइट: सेशन टिकवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅटेलाइट बॅकहॉल म्हणजे मोबाइल टॉवरला मुख्य नेटवर्कशी उपग्रहावरून जोडणारी लिंक. फील्ड टीम, एनओसी (नेटवर्कवर लक्ष ठेवणारं केंद्र) आणि प्लॅनिंग विभागाकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः एलटीई (४जी) आणि भूस्थिर उपग्रहावरच्या व्हीसॅट (छोट्या डिशच्या) लिंकची आहेत. ५जीसाठी प्रश्न १६ पाहा. टायमरचे जे आकडे सुचवले आहेत ते सुरुवातीला धरायचे आहेत. आपल्या लिंकवर मोजून मगच पक्के करा.

१. साइट सॅटेलाइटवर आहे म्हणजे नेमकी कोणकोणती सेशन उपग्रहावरून जातात?

टॉवरवरचा ईनोडबी (एलटीईचं बेस स्टेशन) आणि शहरातला कोअर (मुख्य नेटवर्क) यांच्यामधलं सगळंच. या जोडणीला एस१ म्हणतात. सिग्नलिंग (नियंत्रणाचे संदेश) कोअरमधल्या एमएमई या नियंत्रकाकडे एस१-एमएमईवरून, म्हणजे एससीटीपी या पोच घेणाऱ्या प्रोटोकॉलवर, पोर्ट ३६४१२. युजरचा डेटा एस१-यूवरून, जीटीपी-यू या वेष्टनात गुंडाळून, यूडीपी पोर्ट २१५२. शेजारच्या साइटशी एक्स२ (दोन ईनोडबींमधली थेट जोडणी) असेल तर तोही, आणि ओअँडएमचं (देखभालीचं) मॅनेजमेंट वेगळं. आयपीसेक (एन्क्रिप्शन) लावलं असेल तर हे सगळं एका बोगद्यात जातं. फोन आणि टॉवर यांच्यातला रेडिओ भाग मात्र स्थानिकच राहतो. तक्रार आली की आधी ती रेडिओची आहे की एस१ची, हे वेगळं करा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

२. विलंब नेमका किती धरायचा?

भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. जाऊन-येऊन चार वेळा हे अंतर कापायचं, म्हणून उपग्रह अगदी डोक्यावर असला तरी ४७७ मिलिसेकंद लागतातच. मोडेम, कोडिंग आणि हबची (व्हीसॅटच्या जमिनीवरच्या मुख्य केंद्राची) भर पडून पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ) ५५० ते ६५० दाखवतो. ओथ्रीबीसारखे मध्यम कक्षेतले उपग्रह ८,०६२ किलोमीटरवर आहेत, तिथे साधारण १५० मिलिसेकंद. साडेपाचशे किलोमीटरवरच्या लिओ (खालच्या कक्षेतल्या) उपग्रहांवर २५ ते ६०. रिकाम्या भूस्थिर लिंकवर पिंग ९०० च्या वर गेला तर दोष उपग्रहाला देऊ नका. कुठेतरी रांग साचली आहे.

३. ६०० मिलिसेकंदांच्या विलंबात फोन अटॅच (नेटवर्कवर नोंद) कसा होतो? टायमर संपत नाहीत का?

नाही संपत. हिशेब करून पाहा. अटॅच रिक्वेस्ट गेली, ऑथेंटिकेशन आलं-गेलं, सिक्युरिटी मोड आला-गेला, ईएसएम (डेटा जोडणीची) माहिती मागितली-दिली, मग अटॅच अ‍ॅक्सेप्ट. उपग्रहावरून चार फेऱ्या, म्हणजे सुमारे २.४ सेकंद. जुना जीयूटीआय (फोनची तात्पुरती ओळख) एमएमईला ओळखता आला नाही तर आयडेंटिटीची आणखी एक फेरी, ३ सेकंद. फोनचा अटॅचसाठीचा टायमर टी३४१० असतो १५ सेकंदांचा. एमएमईचे टी३४५०, टी३४६० आणि टी३४७० सहा-सहा सेकंदांचे, आणि ते एकेका फेरीपुरतेच मोजतात. आयडल फोन पुन्हा जागा होताना पाठवतो त्या सर्व्हिस रिक्वेस्टचा टी३४१७ पाच सेकंदांचा आहे, तिथेही एका फेरीला जागा भरपूर.

तेव्हा अटॅच फसत असेल तर कारण पॅकेट लॉस, साचलेली रांग किंवा ईनोडबीतला वेंडरचा एखादा अंतर्गत टायमर. काही ईनोडबी एमएमईकडून येणाऱ्या इनिशियल कॉन्टेक्स्ट सेटअपची वाट फार थोडी पाहतात आणि आरआरसी (फोनशी असलेली रेडिओ जोडणी) सोडून देतात. तो पॅरामीटर जमिनीवरच्या फायबर साइटच्या टेम्प्लेटमधून जसाच्या तसा आलेला असतो. नवी सॅटेलाइट साइट उभी करताना आधी टेम्प्लेट तपासा.

४. पिंग व्यवस्थित आहे, लॉस नाही, तरी एस१ दर थोड्या वेळाने पडतो आणि परत येतो. का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. दहापैकी आठ वेळा उत्तर एससीटीपीच्या आरटीओमध्ये (पोच न आल्यास संदेश पुन्हा पाठवण्याआधी थांबण्याचा वेळ) सापडतं.

फायबरवर दोष लवकर कळावा म्हणून बरेच ऑपरेटर आरटीओ-मिन १०० मिलिसेकंद, आरटीओ-मॅक्स ५०० मिलिसेकंद आणि रिट्रान्समिशन ४ असं कडक ठेवतात. उपग्रहावर पोच यायलाच ६०० मिलिसेकंद लागतात, शिवाय समोरचा पोच २०० मिलिसेकंदांपर्यंत रोखून धरू शकतो. म्हणजे प्रत्येक संदेश पोच येण्याआधीच पुन्हा पाठवला जातो. एरवी उशिरा का होईना पोच येते आणि चुकांचा काउंटर शून्य होतो, म्हणून लिंक चालू दिसते. मात्र अडीच सेकंदांची गर्दी झाली की ५०० मिलिसेकंदांचे पाच टाइमआउट पूर्ण होतात आणि असोसिएशन (एससीटीपीची जोडणी) मेली असं जाहीर होतं. पिंगला यातलं काही कळत नाही.

सुरुवातीला हे लावा: आरटीओ-इनिशियल ३ सेकंद, आरटीओ-मिन १.५ सेकंद, आरटीओ-मॅक्स १० सेकंद, पाथ-मॅक्स-रिट्रान्स (एका मार्गावर पुन्हा पाठवण्याची मर्यादा) ५, हार्टबीट (समोरचा जिवंत आहे का याची तपासणी) ३० सेकंद. यात १.५ + ३ + ६ + १० + १० + १० असे सुमारे ४० सेकंद मिळतात. छोटा फेड (सिग्नल क्षीण होणं) त्यात निघून जातो. एकच पाथ असेल तर असोसिएशन-मॅक्स-रिट्रान्सही ५ च ठेवा. एससीटीपीच्या मानकात, आरएफसी ४९६० मध्ये, आरटीओ-इनिशियल ३ सेकंद होता, २०२२ च्या आरएफसी ९२६० ने तो १ सेकंद केला. त्यामुळे सॉफ्टवेअर अपग्रेडनंतर डिफॉल्ट बदललेला असू शकतो.

बदल दोन्ही टोकांना हवा. ईनोडबीचे टायमर फक्त ईनोडबीकडून जाणाऱ्या संदेशांना लागू होतात. एमएमईची प्रोफाइल जुनीच राहिली तर असोसिएशन तिकडून तुटते आणि फील्ड इंजिनिअर इकडे केबल बदलत बसतो.

५. पाऊस आला की सगळे युजर एकदम का तुटतात? लिंक तर पूर्ण पडलेली नसते.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर केयू बँडची साइट असेल तर जून ते सप्टेंबर हा प्रश्न रोजचाच. केए बँडला पावसाचा त्रास आणखी जास्त. पाऊस वाढला की मोडेम एसीएमने, म्हणजे सिग्नलनुसार आपोआप, कोडिंग बदलतो, लिंक टिकवतो, पण वेग उतरवतो. समजा २० एमबीपीएसची लिंक ६ वर आली. राउटरचा शेपर (वेगाची मर्यादा) मात्र २० वरच बांधलेला असतो. उरलेला डेटा मोडेमच्या बफरमध्ये साचतो, आणि त्या बफरला प्राधान्यक्रम माहीत नसेल तर व्हिडिओबरोबर एससीटीपीचे पॅकेटही फेकले जातात. रेडिओ लिंक जिवंत, सिग्नलिंग मेलेलं.

उपाय दोन. शेपिंग मोडेमवरच करा, किंवा मोडेमने बदललेला वेग राउटरला कळवण्याची सोय चालू करा. आणि डीएससीपी (पॅकेटवरची प्राधान्याची खूण) लावा: एससीटीपी, आयकेई (आयपीसेकच्या किल्ल्या ठरवणारे संदेश) आणि जीटीपी इकोला सीएस६ हा वर्ग, क्यूसीआय १ (आवाज) ला ईएफ, क्यूसीआय ५ (कॉलचं सिग्नलिंग) ला त्याखालचा वर्ग, क्यूसीआय ९ (साधा डेटा) शेवटी. हबवर तोच नकाशा लावलाय ना, हेही बघा. टॉवरवर रंगवलेले पॅकेट हबने दुर्लक्षित केले तर डाउनलिंकला काही उपयोग नाही.

दुसरा दोषी जीटीपी-यूचा इको (मार्ग जिवंत आहे का याची विचारणा). एस-जीडब्ल्यू (कोअरमधला डेटाचा गेटवे) दर ६० सेकंदांनी किंवा त्याहून उशिरा इको पाठवतो. उत्तर नाही आलं तर टी३ (थांबण्याचा वेळ) आणि एन३ (किती वेळा) प्रमाणे पुन्हा विचारतो आणि शेवटी पाथ मेला असं ठरवून, सेटिंगनुसार, त्या ईनोडबीचे सगळे बेअरर (युजरच्या डेटाच्या वाहिन्या) एका झटक्यात काढतो. ३ सेकंद गुणिले ३ वेळा असं सेटिंग असेल तर दहा सेकंदांचा फेड पुरतो. सॅटेलाइट साइटसाठी टी३ १० सेकंद, एन३ ५ ठेवा, किंवा एस-जीडब्ल्यूकडून होणारा एस१-यू इको बंदच करा. साइट जिवंत आहे का हे एससीटीपीचा हार्टबीट सांगतोच आहे. आमचा कल बंद करण्याकडे.

६. लिंक परत आल्यावर पहिली दहा मिनिटं नेटवर्क जास्तच खराब का चालतं?

सगळे एकदम दारात येतात म्हणून. एस१ पडला तरी युजर लगेच डिटॅच होत नाहीत. एमएमई त्यांना आयडलमध्ये टाकतो आणि नोंदणी जपून ठेवतो. ईनोडबी सेल बंद करतो, फोनची रेंज जाते. आता लिंक अर्ध्या तासात परतली तर ज्यांचा टी३४१२ (फोनने नोंद ठरावीक काळाने ताजी करण्याचा टायमर, डिफॉल्ट ५४ मिनिटं) संपलेला नाही ते शांतपणे परत येतात. खंड लांबला तर टीएयूंची (नोंद ताजी करण्याच्या विनंत्यांची) लाट येते. एमएमईचा मोबाइल-रीचेबल टायमर टी३४१२ पेक्षा ४ मिनिटं जास्त असतो. तोही संपून इम्प्लिसिट डिटॅच झाला (एमएमईने नोंद आपणहून काढली) की प्रत्येक फोनला पूर्ण अटॅच करावं लागतं, म्हणजे प्रश्न ३ मधल्या चार-पाच फेऱ्या, शंभरेक फोनच्या एकाच वेळी.

म्हणून सॅटेलाइट साइटच्या टीएसीला (साइटच्या गटाचं क्षेत्र) टी३४१२ दोन ते तीन तासांचा द्या, सेल अ‍ॅक्सेस क्लास बारिंग (काही फोनना तात्पुरतं रोखणं) लावून टप्प्याटप्प्याने उघडा, आणि एमएमईवरचा ओव्हरलोड कंट्रोल चालू आहे याची खात्री करा. साइट परत आली म्हणून लगेच तिचे लॉग किंवा सॉफ्टवेअर खेचायला सुरुवात करू नका. ते काम रात्री दोननंतरचं.

७. युजर वीसच आहेत, तरी डाउनलिंकला सतत शे-दीडशे केबीपीएस ट्रॅफिक दिसतो. कशाचा?

बहुतेक वेळा पेजिंगचा, म्हणजे आयडल फोनला बोलावणाऱ्या संदेशांचा. ही सॅटेलाइट साइट जिल्ह्याच्या मोठ्या टीएसीमध्ये टाकलेली असेल तर त्या टीएसीतल्या प्रत्येक फोनसाठीचं पेजिंग हिच्याकडेही येतं. समजा सेकंदाला १५० पेज आणि हेडर धरून प्रत्येकी १२० बाइट: १५० × १२० × ८ = १४४ केबीपीएस, एकाही स्थानिक युजरच्या कामाचे नसलेले. सॅटेलाइट साइटना वेगळा, छोटा टीएसी द्या. एमएमईवर ‘आधी शेवटच्या ईनोडबीला, मग टीएसीला’ अशी पेजिंगची पद्धतही लावा. वेगळ्या टीएसीमुळे प्रश्न ६ मधला टी३४१२ वेगळा ठेवणंही जमतं.

८. गर्दी नसतानाही पहिलं पान उघडायला तीन-चार सेकंद का लागतात?

फोन आयडलमध्ये गेलेला असतो, त्याला सर्व्हिस रिक्वेस्टची एक फेरी. त्यात टीडीएमए (वेळ वाटून घेणारं) व्हीसॅट असेल तर टॉवरकडून निघणाऱ्या पहिल्या पॅकेटला आधी हबकडे वेळखंड मागावा लागतो, तिथे आणखी एक फेरी. मग डीएनएस (पत्ता शोधणं), टीसीपी (जोडणी), टीएलएस (एन्क्रिप्शन) प्रत्येकी एक.

पहिल्या दोन फेऱ्या कमी करता येतात. रिटर्न लिंकवर (टॉवरकडून हबकडे) प्रत्येक साइटला थोडी कायमची क्षमता (सीआरए) द्या. ६४ ते १२८ केबीपीएस सिग्नलिंगला पुरते, आणि मागणीवरची वाटणी वरच्या डेटासाठी राहू दे. ईनोडबीचा इनअ‍ॅक्टिव्हिटी टायमर (गप्प राहिलेला फोन आयडलमध्ये टाकण्याआधीचा वेळ) १० सेकंदांवरून २०-३० वर न्या. याची किंमत फोनची बॅटरी आणि कनेक्टेड युजरच्या लायसन्समध्ये मोजावी लागते, म्हणून ६० वर नेण्याचा मोह टाळा.

९. २० एमबीपीएसची लिंक घेतली, स्पीड टेस्ट मात्र तीन-चार दाखवते. पीईपी (टीसीपीला वेग देणारं मधलं यंत्र) लावलाय तरी!

टीसीपी दहा सेगमेंटपासून, सुमारे १४ केबीपासून सुरू होतो आणि दर फेरीला दुप्पट होतो. २० एमबीपीएस × ०.६ सेकंद म्हणजे दीड एमबी डेटा वाटेत असायला हवा. तिथवर पोहोचायला सात फेऱ्या, चार सेकंदांहून जास्त. एक पॅकेट हरवला की पुन्हा खाली. पीईपी (आरएफसी ३१३५) टॉवरजवळ बसून खोट्या पोचा देतो आणि ही चढण वाचवतो.

आता तुमचा पीईपी का चालत नाही? तीन कारणं. एक, साध्या पीईपीला फक्त बाहेरचा यूडीपी २१५२ दिसतो, आतला टीसीपी दिसत नाही. जीटीपी उघडू शकणारा पीईपीच हवा, आणि तो लायसन्स बहुधा वेगळा विकत घ्यावा लागतो. दोन, आयपीसेक ईनोडबीतच सुरू होत असेल तर मोडेममधला पीईपी आंधळा. आयपीसेक पीईपीनंतर सुरू करा. सुरक्षा विभागाची परवानगी लागेल. तीन, आज बराच ट्रॅफिक क्विकवर (यूडीपीवर चालणारा एन्क्रिप्टेड प्रोटोकॉल) आहे आणि त्याची पोच मधल्या कोणालाच देता येत नाही. सेलवर यूडीपी ४४३ अडवून लोकांना टीसीपीवर ढकलायचा सल्ला काही जण देतात. आम्ही देत नाही, कारण त्याने काही अ‍ॅप आधी ताटकळतात आणि मगच टीसीपीवर येतात.

१०. व्हॉट्सअ‍ॅपचे मजकूर जातात, पण काही वेबसाइट अर्धवट उघडून अडकतात.

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी. मूळ पॅकेटवर जीटीपी, यूडीपी आणि आयपीचे ३६ बाइट, वर आयपीसेकचे साधारण ५० ते ७०, शिवाय व्हीलॅन टॅग. मोडेमला १५०० पेक्षा मोठं चालत नाही, तुकडे पडतात किंवा पॅकेट गुपचूप टाकला जातो. फोनला १३५८ चा एमटीयू द्या (कोअरचा इंटरनेटकडचा गेटवे पी-जीडब्ल्यू तो जोडणी करताना पीसीओमधून कळवू शकतो) आणि टीसीपी एमएसएस (हेडर वगळून डेटाची कमाल लांबी) आयपीव्ही४ साठी १३१८, आयपीव्ही६ साठी १२९८ वर बांधा. तपासायला त्या साइटवरच्या लॅपटॉपवरून डोंगल लावून ‘तुकडे करू नका’ या खुणेसह १३३० बाइट डेटाचा पिंग पाठवा. २८ बाइट हेडर धरून तो बरोबर १३५८ होतो.

११. एका व्होल्टी (एलटीईवरच्या) कॉलला किती बँडविड्थ धरायची? आणि आवाज उशिरा का येतो?

एएमआर-डब्ल्यूबी १२.६५ हे कोडेकचं नाव ऐकून १३ केबीपीएस धरू नका. दर २० मिलिसेकंदांना ३३ बाइट आवाज, आरटीपी १२, यूडीपी ८, आयपीव्ही६ ४०, वर जीटीपीचे ३६: एकूण १२९ बाइट, सेकंदाला ५० वेळा, म्हणजे ५१.६ केबीपीएस एका दिशेला. आरओएचसीची (हेडर कॉम्प्रेशनची) बचत फक्त रेडिओवर मिळते, बॅकहॉलवर नाही. व्हीसॅट मोडेममध्ये स्वतःचं हेडर कॉम्प्रेशन असेल तर चालू करा. लहान साइटवर यानेच कॉलची संख्या दुपटीच्या जवळ जाते.

विलंबाबाबत: आयटीयूच्या जी.११४ नुसार एका दिशेला १५० मिलिसेकंदांपर्यंत उत्तम, ४०० ही वरची मर्यादा. एक बाजू सॅटेलाइटवर असेल तर ३००-३५० मध्ये भागतं; लोक एकमेकांचं वाक्य तोडतात, पण बोलतात. दोन्ही बाजू दोन वेगळ्या सॅटेलाइट साइटवर असतील तर डबल हॉप, ६०० च्या वर. त्याला टायमरचा इलाज नाही. कॉल जोडताना एसआयपी (कॉल जोडणारा संदेश) पुन्हा पुन्हा पाठवला जात असेल तर त्याचा टायमर टी१ पाहा: आरएफसी ३२६१ चा डिफॉल्ट ५०० मिलिसेकंद आहे, मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपीने फोन आणि पी-सीएससीएफ (कोअरमधला कॉलचा सर्व्हर) यांच्यासाठी २ सेकंद ठरवला आहे. पी-सीएससीएफवर ५०० राहिलेला सापडतो.

१२. आयपीसेक लावल्यापासून गर्दीच्या वेळी लॉस वाढला. लिंकचे काउंटर तर स्वच्छ आहेत.

अँटी-रिप्ले विंडो, म्हणजे जुने पॅकेट ओळखून टाकून देण्याची तपासणी. पॅकेटना क्रमांक आयपीसेक देतं, मग मोडेमचा क्यूओएस (प्राधान्यक्रम) ईएफवाले पुढे काढतो आणि बेस्ट-एफर्टवाले मागे राहतात. ते पोहोचेपर्यंत ६४ पॅकेटची विंडो पुढे सरकलेली असते आणि सिक्युरिटी गेटवे त्यांना जुने समजून टाकतो. विंडो १०२४ किंवा अधिक करा. डीपीडीचा (बोगद्याचं दुसरं टोक जिवंत आहे का या तपासणीचा) एकूण वेळ एससीटीपीच्या ४० सेकंदांहून जास्त ठेवा, नाहीतर प्रश्न ४ मध्ये मिळवलेली सवलत बोगदाच पाडून घालवतो. आतल्या डीएससीपीची प्रत बाहेरच्या हेडरवर उतरते ना, तेही बघा.

१३. दोन सॅटेलाइट साइटमध्ये एक्स२ ठेवावा का?

दोन्ही एकाच मोडेममागे, स्थानिक स्विचवर असतील तर जरूर. वेगवेगळ्या व्हीसॅटवर असतील तर एक्स२ हबवरून वळसा घेतो, हँडओव्हरची (फोन दुसऱ्या साइटकडे सोपवण्याची) एकेक फेरी सव्वा सेकंदाच्या आसपास जाते, आणि पुढे ढकललेला डेटा उपग्रहावरून दोनदा जातो. एमएमईमार्फत होणारा एस१ हँडओव्हरही वेगवान नाही, पण त्यात नवी लिंक सांभाळायची नसते. अशा जोडीला आम्ही एक्स२ देत नाही. हँडओव्हर तयारीचे टायमर तेवढे वाढवतो.

१४. सिंक (घड्याळ जुळवणं) पीटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून, देता येईल का?

टीडीडीला (एकाच वारंवारतेवर आळीपाळीने पाठवणं-घेणं) नाही. त्याला ±१.५ मायक्रोसेकंद लागतात. भूस्थिर उपग्रह आपल्या चौकटीत रोज थोडा सरकतो, आणि १० किलोमीटरचा फरक म्हणजे ३३ मायक्रोसेकंद. जीपीएस अँटेना लावा.

१५. लिओ उपग्रह घेतले की हे सगळं विसरायचं?

प्रश्न ३, ८, ९ बरेच सोपे होतात. नवे प्रश्न येतात. स्टारलिंकची मार्गाची वाटणी दर १५ सेकंदांनी बदलते, तेव्हा विलंब क्षणभर उडी मारतो. आरटीओ-मिन १०० मिलिसेकंद ठेवलात तर पुन्हा प्रश्न ४. साध्या जोडणीत कॅरिअर-ग्रेड नॅट (अनेक ग्राहकांना एकच बाहेरचा पत्ता) असतो आणि उघडा एससीटीपी त्यातून जात नाही. आयपीसेक नॅट-टीसह, यूडीपी ४५०० वर, २० सेकंदांच्या कीप-अलाइव्हसह वापरा; पत्ता बदलला तरी बोगदा टिकावा म्हणून मोबाइक (आरएफसी ४५५५) चालू ठेवा.

१६. ५जी साइटला वेगळं काय?

एन२ (५जीमधला एस१-एमएमईसारखा भाग) पोर्ट ३८४१२ वर, बाकी एससीटीपीची गोष्ट तीच. फायदा आरआरसी इनअ‍ॅक्टिव्हचा: फोनचा संदर्भ जीएनबीकडेच (५जीचं बेस स्टेशन) राहतो आणि छोट्या झोपेतून उठताना कोअरपर्यंत जावं लागत नाही. प्रश्न ८ मधला इनअ‍ॅक्टिव्हिटी टायमर ताणण्यापेक्षा हा मार्ग चांगला. ३जीपीपीच्या रिलीज १७ पासून एएमएफ (५जी कोअरमधला नियंत्रक) साइटच्या ओळखीवरून बॅकहॉल भूस्थिर, मध्यम की लिओ हे एसएमएफला (सेशन सांभाळणारा भाग) सांगतो आणि पीसीएफ (धोरण ठरवणारा भाग) त्यानुसार धोरण लावतो. ही नोंद एएमएफमध्ये हाताने भरावी लागते. साइट फायबरवर गेल्यावर ती काढायची राहते. आणि डीयू-सीयू (जीएनबीचे दोन भाग) वेगळे करून मधे उपग्रह घालू नका. पूर्ण जीएनबी टॉवरवरच ठेवा.

१७. दरवर्षी मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये ठरावीक वेळी साइट काही मिनिटं पडते. आभाळ स्वच्छ असतं.

सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि डिशमध्ये त्याचा गोंगाट भरतो. भारतात फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्य आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्य, काही दिवस, रोज काही मिनिटं. तारखा आणि वेळा आधी काढता येतात; हब ऑपरेटरकडून तक्ता मागवा. त्या काही मिनिटांसाठी एससीटीपीचे टायमर ताणू नका. एस१ पडू द्या, सेल आधीच बार करून ठेवा, आणि अलार्म त्या वेळेपुरता दाबा.

१८. फायबर मुख्य, सॅटेलाइट बॅकअप. फायबर तुटल्यावर बॅकअप लागतो, पण एस१ तरीही पडतो.

बेटांवर ही रचना नेहमीची. अंदमान-निकोबारला चेन्नईची समुद्री केबल ऑगस्ट २०२० मध्ये आणि लक्षद्वीपला कोचीची ३ जानेवारी २०२४ ला मिळाली; त्याआधी मुख्य भूमीशी सगळा भार उपग्रहावरच होता. केबल तुटली की उपग्रहाच्याच मार्गावर परत यावं लागतं.

फायबरवर १०-२० मिलिसेकंदांची सवय झालेला आरटीओ मिनच्या पातळीवर बसलेला असतो आणि पोच एकदम ६०० वर जाते. म्हणून बॅकअप असलेल्या प्रत्येक साइटला प्रश्न ४ चे टायमर कायमचेच लावा, फायबर असतानाही. दोष कळायला थोडा उशीर होईल. तो फायबरवर बीएफडीने (लिंक तुटल्याचं पटकन ओळखणारा प्रोटोकॉल) भरून काढा. दुसरं, अ‍ॅडमिशन कंट्रोल, म्हणजे किती भार आत घ्यायचा याची मर्यादा. ईनोडबी अजूनही ३०० एमबीपीएसच्या हिशेबाने बेअरर देत राहतो आणि २० ची लिंक बुडते. काही ईनोडबी मार्गानुसार मर्यादा बदलू शकतात. जे शकत नाहीत तिथे राउटरवर बॅकअप इंटरफेसलाच वेगळा शेपर बांधा आणि क्यूसीआय ९ ला हवं तेवढं दाबा. परत येताना, फायबर जोडल्यावर लगेच उलटा बदल करू नका. जोडणी करणारी मंडळी खड्ड्यात असेपर्यंत फायबर दोन-तीनदा येतो-जातो, आणि दर वेळी साइट हेलकावे खाते. पंधरा ते तीस मिनिटांचा होल्ड-टाइम ठेवा.